एकट्याची नाव

मराठवाडा आणि पाणी हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या डोळ्यांसमोर टँकर, कोरड्या विहिरी आणि करपलेली ज्वारी उभी राहते. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. गेल्या साठ वर्षांत याच प्रदेशात पाण्याचे विस्तीर्ण साठे निर्माण झाले. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणला जायकवाडीची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांनी ते धरण राष्ट्राला अर्पण केले. नांदेडजवळ असर्जन येथे गोदावरी अडवून विष्णुपुरीचा उपसा सिंचन प्रकल्प उभा राहिला. कंधार तालुक्यात बारूळला मन्याड अडवली गेली. बीड जिल्ह्यातील धनेगावचा मांजरा प्रकल्प तर लातूरकरांच्या घराघरांतील नळाशी जोडला गेला. या पाण्यावर ऊस वाढला, शहरे वाढली, आणि पाण्याची भांडणेही वाढली.

या भांडणांत पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब झाला. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ च्या निकालाने बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावेत आणि १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावे, इतक्या बारकाईने सर्व काही ठरवून दिले. पिण्यासाठी किती, शेतीला किती, कारखान्याला किती, शेजारच्या राज्याला किती, याची कोष्टके आज शासनाच्या दप्तरी आहेत. मात्र या पाण्यावर रोज पहाटे जो माणूस प्रत्यक्ष उतरतो, त्याच्यासाठी कोणत्याही कोष्टकात रकाना नाही. तो माणूस म्हणजे या जलाशयांवर मासेमारी करणारा भोई. पाण्याचा हिशेब चोख आणि पाण्यावरच्या माणसाचा हिशेब नाही, ही विसंगती त्याच्या बुडाखालच्या नावेत जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र कोठेही दिसत नाही.

सांगडीपासून थर्माकोलपर्यंत

त्याची नाव म्हणजे बहुधा नावच नसते. थर्माकोलचे जाड तुकडे एकावर एक रचून, त्यांवर पोते किंवा प्लॅस्टिकचे कापड गुंडाळून आणि दोरीने आवळून तयार केलेला तो एक तराफा असतो. कोणी ट्रकच्या चाकातील हवा भरलेल्या ट्यूबवर बसतो. वल्ही म्हणून हातात फळकुटे असतात. पाय दुमडून तो बसतो, एका हाताने तराफा सांभाळतो आणि दुसऱ्या हाताने तंगुसाचे जाळे पाण्यात सोडत जातो. वारा सुटला, बुडालेल्या बाभळीच्या खुंटाला जाळे अडकले किंवा आवळलेली दोरी सुटली की त्याच्या आणि मृत्यूच्या मध्ये केवळ त्याचे पोहणे उरते. पावसाळी कपडे अंगावर आणि जाळे पायांत असताना पट्टीचा पोहणाराही पोहू शकत नाही.

हा तराफा पाहून शहरी माणूस त्याला अडाणीपणा म्हणेल. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. एका माणसाने पाण्यावर जाण्यासाठी हलके, स्वस्त आणि डोक्यावरून वाहून नेता येईल असे साधन शोधणे ही आपल्याकडील फार जुनी विद्या आहे. वाळलेले भोपळे एकत्र बांधून नदी पार करण्याच्या साधनाला आपल्या भाषेने ‘सांगड’ हे नाव दिले. आज आपण विचारांची सांगड घालतो, योजनांची सांगड घालतो; पण त्या शब्दाच्या मुळाशी पूर आलेल्या नदीच्या काठी उभा असलेला माणूस आहे, याचे स्मरण आपल्याला राहिलेले नाही. तुंगभद्रेच्या काठी वेताच्या गोल टोपल्यांना चामडे लावून केलेल्या नावा चालत. विजयनगरला आलेल्या डोमिंगो पायस या पोर्तुगीज प्रवाशाने सोळाव्या शतकात त्यांचे वर्णन करून ठेवले आहे. तिकडे त्यांना हरिगोल म्हणतात. तेव्हा थर्माकोल हा भोपळ्याचा आणि टोपलीचाच आधुनिक वारस आहे. थर्माकोलमध्ये सुमारे ९८ टक्के हवा असते. तो उत्तम तरंगतो आणि फुकट किंवा अल्प किमतीत मिळतो. भोयाने निवडलेला पदार्थ चुकीचा नाही. त्या पदार्थाला सुरक्षित आकार देण्याचे काम समाजाने केले नाही, एवढेच.

कयाकचा धडा

हाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकाला कसा सुटला, हे पाहणे उद्बोधक आहे. ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडा येथील इन्युइट लोकांनी बर्फाळ समुद्रात सीलच्या शिकारीसाठी एक अरुंद नाव तयार केली. वाहत आलेले लाकूड आणि हाडे यांचा सांगाडा, त्यावर सीलचे कातडे आणि मधोमध एकच माणूस बसेल एवढे तोंड, अशी तिची रचना. शिंप्याने अंगरखा शिवावा तशी ती नाव ज्याच्यासाठी करायची त्याच्या शरीराच्या मापाने केली जाई. तिला कयाक म्हणतात. ज्या समुद्रात पडलेला माणूस काही मिनिटांत गारठून मरतो, तेथे त्या लोकांनी एकट्या माणसाच्या नावेला सर्वांत अधिक बुद्धी खर्च केली.

विसाव्या शतकात या नावेचे रूप पालटले. कातड्याऐवजी प्लॅस्टिक आले, बंद तोंडाऐवजी वर उघड्यावर बसण्याची सोय झाली आणि मासेमारीसाठी तिचा मोठा प्रसार झाला. अमेरिकेच्या लुइझियाना व टेक्सास या राज्यांच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्याच्या विस्तीर्ण दलदली आहेत. उंच गवत, चिखल आणि गुडघाभर पाणी अशा त्या जागी यंत्राची बोट चालत नाही, कारण तिचा पंखा गवतात गुंततो आणि आवाजाने मासा पळून जातो. कयाकला मात्र वीतभर पाणीही पुरते. ती आवाज न करता गवताच्या कडेपर्यंत जाते, आणि भरतीच्या पाण्याबरोबर चरायला आलेला मासा गळाच्या टप्प्यात येतो. आज तेथे हा एक लोकप्रिय छंद झाला आहे. तेथील धंदेवाईक कोळी मोठ्या बोटी वापरतो. कयाकवर बसतो तो सुटीच्या दिवशी विरंगुळा शोधणारा नोकरदार. तरीही त्याच्या जिवाची काळजी कायदा घेतो. कयाकवरदेखील प्रत्येक माणसामागे एक जीवरक्षक जाकीट बाळगणे तेथे बंधनकारक आहे.

खाऱ्या दलदलींचा नांदेड-लातूरशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो नदीनेच जोडलेला आहे. बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा लातूरवरून वाहत कर्नाटक-तेलंगणात जाते, मग उत्तरेकडे वळते आणि नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. पुढे सुमारे १४६५ किलोमीटरची वाटचाल संपवून गोदावरी आंध्रच्या किनाऱ्यावर काकीनाड्याजवळ समुद्राला भेटते, तेथे कोरिंगाचे खारफुटीचे जंगल आणि खाऱ्या पाण्याची दलदल पसरली आहे. १९७८ मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला. नांदेडच्या घाटावरून गेलेले पाणी, मध्ये कोणी अडवले नाही तर, त्या दलदलीतच विसावते. कोळंबी, खेकडे आणि कित्येक जातींचे मासे यांची पिल्ले अशाच ठिकाणी वाढतात. अहीर नावाचा सर्पाकृती मासा तर समुद्रात जन्मतो, नदीत चढून वर्षानुवर्षे वाढतो आणि अंडी घालण्यास पुन्हा समुद्राकडे निघतो. ब्रिटिश अमदानीत १८५२ साली पुरा झालेला धवळेश्वरमचा बंधारा, नंतरचे पोचमपाडचे श्रीरामसागर आणि आपल्याकडील बंधारे यांनी त्याची वाट पायरीपायरीने अडवली. नदी एक राहिली, पण तिच्यातील जीवांचे अनेक तुकडे झाले. आज मराठवाड्याच्या जलाशयांवरील भोई जे मासे पकडतो ते बहुतांशी नदीने आणलेले नसून माणसाने सोडलेले असतात.

सोडलेला मासा आणि धरणारा हात

रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्या बाजारातील मुख्य मासे. वाहत्या, पुराच्या पाण्यात अंडी घालण्याची त्यांची प्रकृती. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा प्रजनन करीत नाहीत. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या माशांकडून अंडी घालून घेण्याचा प्रयोग यशस्वी केला, आणि देशातील गोड्या पाण्याच्या मत्स्यशेतीचा पायाच बदलला. त्या १० जुलैची आठवण म्हणून आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन साजरा होतो. तेव्हापासून मत्स्यजिरे, बोटुकली हे शब्द आपल्या सहकारी संस्थांच्या बोलण्यात रुळले. संस्थेने तलाव ठेक्याने घ्यावा, बोटुकली विकत आणून सोडावी, ती वाढू द्यावी आणि मग सभासदांनी ती पकडावी, असे हे चक्र आहे.

या चक्राच्या पहिल्या अर्ध्या भागावर शास्त्राने आणि शासनाने बरेच लक्ष दिले. बोटुकली किती सोडावी, कोणत्या आकाराची सोडावी, जाळ्याचा आस किती असावा, यांविषयी मार्गदर्शन मिळते. दुसरा अर्धा भाग, म्हणजे तो मासा पाण्यातून बाहेर काढणारा माणूस कशावर बसतो, हा मात्र त्याच्या खाजगी नशिबाचा प्रश्न मानला गेला. बोटुकलीची जगण्याची टक्केवारी आपण काढतो. ती पकडणाऱ्याची काढीत नाही. अपघात झाला तर प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मृत्यूबद्दल पाच लाख रुपयांच्या विम्याची तरतूद आहे. ती आवश्यकच आहे; परंतु विमा हा बुडाल्यानंतरचा विचार आहे. बुडण्यापूर्वीचा विचार नावेपासून सुरू होतो.

२२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय स्वागतार्ह आहे. शेतकऱ्याचे अवजार म्हणून नांगर, तिफण, पंप यांचा विचार करताना त्यांच्या दर्जाची, किमतीची आणि दुरुस्तीची चर्चा आपण शंभर वर्षे केली. कृषीचा दर्जा केवळ वीजदर आणि कर्ज एवढ्यापुरता न राहता त्यात अवजाराचा विचारही यावयाचा असेल, तर भोयाचे पहिले अवजार त्याची नाव आहे हे मान्य करावे लागेल. साधनांना अर्थसाहाय्य देणाऱ्या योजना केंद्राच्या आहेत, राज्याच्याही आहेत. उणीव आहे ती मराठवाड्यातील उथळ, खुंटांनी भरलेल्या, कधी तुडुंब तर कधी कोरड्या जलाशयाला साजेशा एकट्याच्या नावेची.

पाण्याची टाकी आणि नाव

अशी नाव करणे अवघड आहे काय? मुळीच नाही. आजची प्लॅस्टिकची कयाक ज्या रीतीने तयार होते, ती रीत लातूर आणि नांदेडच्या प्रत्येक गच्चीवर दिसते. साच्यात प्लॅस्टिकची भुकटी घालायची, तो साचा तापवीत सर्व बाजूंनी फिरवायचा म्हणजे वितळलेले प्लॅस्टिक आतून सारखे पसरते, आणि थंड झाल्यावर पोकळ, एकसंध, सांधा नसलेली वस्तू बाहेर काढायची. गच्चीवरील काळी टाकी अशीच होते आणि कयाकही अशीच होते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा त्या टाक्यांचे मोल लातूरकरांना कोणी सांगावे लागले नाही. पाणी आत साठवणारी वस्तू आणि पाणी बाहेर ठेवणारी वस्तू यांत फरक केवळ साच्याचा आहे.

साचा मात्र महाग असतो. एका भोयाला तो परवडणार नाही, एका संस्थेलाही नाही. एकदा साचा तयार झाला की त्यातून निघणारी हजारावी नाव स्वस्त पडते. म्हणून हे काम शासनाने किंवा संस्थांच्या संघाने एकत्र मागणी नोंदवूनच होऊ शकेल. नावेचा आकार मात्र परदेशातून जसाच्या तसा उचलता कामा नये. सुटीतील शिकाऱ्याला लागते ती ऐसपैस खुर्ची आणि गळ अडकवण्याच्या खोबणी. आपल्या भोयाला लागते ती ओल्या जाळ्याचा आणि माशांचा भार पेलणारी रुंदी, पाणी आपोआप निचरण्याची छिद्रे, खुंटावर आदळले तरी न फुटणारा तळ, आणि एका माणसाला उचलून मोटारसायकलवर बांधता येईल एवढे वजन. शेवटची अट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. येथील तलाव भरवशाचे नाहीत. एक आटला की भोई दुसऱ्याच्या शोधात निघतो, आणि त्याची नाव त्याच्याबरोबर निघाली पाहिजे.

हा आकार ठरवायला दूर जाण्याची गरज नाही. विष्णुपुरीच्या जलाशयाच्या परिसरातच श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून उभी आहे. लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. एका ठिकाणी यंत्रशास्त्र शिकवले जाते, दुसऱ्या ठिकाणी मत्स्यशास्त्र. दोहोंमधील अंतर मोटारीने काही तासांचे आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी दर वर्षी प्रकल्प करतात आणि त्यांतील बहुसंख्य कपाटात जातात. त्यांपैकी एका तुकडीने चार भोयांना सोबत घेऊन, त्यांचे तराफे मोजून, त्यांची तक्रार ऐकून एक नाव आखली, तर पदवीही मिळेल आणि पुण्यही. भोयांना ‘लाभार्थी’ म्हणून शेवटी बोलावण्याऐवजी ‘जाणकार’ म्हणून आरंभीच बोलावले पाहिजे, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले. इन्युइटांची कयाक चांगली निघाली, कारण ती करणारा आणि वापरणारा एकच होता.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की अर्थसाहाय्यातून आलेली नाव खऱ्या भोयापर्यंत पोहोचणार नाही. संस्थेच्या नोंदवहीत नाव एकाचे आणि पाण्यात उतरणारा दुसराच, अशी अवस्था अनेक ठिकाणी असल्याच्या तक्रारी आहेत. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच साहाय्य नोंदवहीतील सभासदाला न देता पाण्यात प्रत्यक्ष उतरणाऱ्याला दिले पाहिजे. नावेवर क्रमांक असावा, त्या क्रमांकासमोर माणसाचे नाव असावे, आणि नाव घेताना जीवरक्षक जाकीटही त्याच पावतीवर मिळावे. अशी नोंद झाली तर दुष्काळात तलाव आटल्यावर मदत कोणाला द्यायची हेही आपोआप ठरेल. पीक बुडाले की पंचनामा होतो, कारण सातबारा असतो. तलाव आटला की पंचनामा होत नाही, कारण पाण्याला सातबारा नाही. क्रमांकाची नाव हाच भोयाचा सातबारा होऊ शकेल.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. मूठभर मासेमारांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर पुराने दिले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या काठची गावे रात्रीतून पाण्याने वेढली गेली, माणसे दगावली, आणि बचावासाठी आपत्ती प्रतिसाद दलाबरोबर लष्करालाही बोलवावे लागले. ही दले येतात तेव्हा मोलाचे तास निघून गेलेले असतात. पहिल्या तासात गावाजवळ जो असतो तो भोईच असतो. त्याच्याजवळ थर्माकोल असेल तर तो स्वतःला वाचवील. त्याच्याजवळ खरी नाव असेल तर तो म्हातारीला, लेकराला वाचवील. नदीकाठच्या प्रत्येक संस्थेजवळ दहा भरवशाच्या नावा असणे म्हणजे त्या गावाने आपला विमा अगोदरच उतरवून ठेवणे होय.

आणि हा प्रश्न केवळ मासेमारांचा तरी कोठे आहे? २०२३ साली छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील भिव धानोरा या गावची लहान मुले जायकवाडीच्या फुगवट्याचे पाणी थर्माकोलवर बसून ओलांडीत शाळेत जातात, हे वृत्त प्रसिद्ध झाले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. दप्तर घेऊन थर्माकोलवर बसलेल्या मुलांचे वृत्त वाचून महाराष्ट्र हळहळला. जाळे घेऊन त्याच थर्माकोलवर बसलेल्या त्यांच्या बापांविषयी मात्र कोणाला काही वाटले नाही. सवयीने डोळ्यांवर पडदा येतो तो असा.

धरणे बांधताना आपण म्हटले होते की हे पाणी सर्वांचे आहे. ज्यांची जमीन गेली त्यांना मोबदला मिळाला, तो पुरेसा होता की नाही हा वेगळा प्रश्न. ज्यांना पाणी मिळाले त्यांचा ऊस उभा राहिला. वाहत्या नदीवर ज्यांचा पिढीजात हक्क होता, त्या भोयाची मात्र नदीच जलाशयात बुडाली, आणि मोबदल्याच्या यादीत त्याचे नाव कधी आलेच नाही. त्याला आज कोणी नदी परत देऊ शकणार नाही. निदान त्या पाण्यावर निर्धास्त बसता येईल अशी हातभर जागा त्याला द्यावी, एवढी मागणी फार मोठी नाही.